कार्बन-१३ कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडला. पण ग्लुकोज खाल्लं कुणी आणि कोणत्या वाटेने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: उसाच्या शेतातली काळी माती बाटल्यांत भरली, सहाही कार्बन लेबल केलेलं, म्हणजे साध्या कार्बनच्या जागी जड पण स्थिर कार्बन-१३ असलेलं ग्लुकोज त्यात टाकलं आणि दोन दिवसांनी बाटलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं डेल्टा मूल्य उणे २० वरून अधिक १०० प्रति हजारवर गेलं. आता हे ग्लुकोज कोणत्या जिवाणूंनी खाल्लं आणि कोणत्या चयापचय मार्गाने, हे सांगायचं आहे. त्यासाठी डीएनए-एसआयपी (लेबलने जड झालेला डीएनए वेगळा काढून खाणारे ओळखणं) करावं, पेशींच्या आवरणातली फॅटी ॲसिडं बघावीत, की जीसी-एमएसवर (संयुगं वेगळी करून त्यांच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) अमिनो ॲसिडं मोजावीत?

पद्धत निवडण्याआधी हातात आलेल्या आकड्याकडे नीट बघू या. अधिक १०० ऐकायला भरभक्कम वाटतं. पण डेल्टा हे तुलनेचं मोजमाप आहे: कार्बन-१३ चं कार्बन-१२ शी प्रमाण एका ठरलेल्या मानकापेक्षा हजारी किती कमी-जास्त. ते अणूंच्या टक्केवारीत उतरवून बघा. उणे २० ला कार्बनपैकी १.०८ टक्के कार्बन-१३ असतो, अधिक १०० ला १.२१ टक्के. फरक ०.१३ टक्क्यांचा. तुमचं ग्लुकोज ९९ टक्के लेबल केलेलं असेल, तर बाटलीतल्या कार्बन डायऑक्साइडच्या हजार रेणूंपैकी जेमतेम एखाददुसरा ग्लुकोजमधून आलाय. बाकी सगळा मातीतल्या जुन्या सेंद्रिय कार्बनचा, मुळांच्या अवशेषांचा, आणि काळी माती आहे म्हणून चुनखडीचासुद्धा. यंत्र अतिशय संवेदनशील असतं, त्यामुळे एवढासा अंशही आलेखावर उंच दिसतो. प्रबंधात डेल्टाचा आलेख जरूर द्या, पण निष्कर्ष मोलमध्ये काढा: कार्बन-१३ ची जादा टक्केवारी गुणिले कार्बन डायऑक्साइडचे एकूण मोल.

हा गुणाकार काळ्या मातीत विशेष महत्त्वाचा आहे. समजा मातीचा सामू (पीएच) ८.२ आहे. त्या सामूला श्वसनातून निघालेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन पाण्यातच राहतो. समतोल साधल्यावर मातीतल्या एका मिलिलिटर पाण्यात वरच्या एका मिलिलिटर हवेच्या साधारण ६० पट अकार्बनी कार्बन असतो. म्हणजे तुम्ही सिरिंजने हवा ओढून मोजलीत, तेव्हा पाण्यात अडकलेला हिस्सा मोजायचा राहिला. उपाय सोपा आहे: प्रयोग थांबवताना बंद झाकणातूनच फॉस्फोरिक ॲसिड सोडायचं. मग सगळा कार्बन डायऑक्साइड वर येतो. अर्थात चुनखडीही विरघळते आणि तिचा बिनलेबलचा कार्बन डायऑक्साइड डेल्टा मूल्य खाली ओढतो. म्हणूनच डेल्टावर विसंबायचं नाही. एकूण मोल वाढले, टक्केवारी उतरली, तरी दोहोंचा गुणाकार, म्हणजे जादा कार्बन-१३, तेवढाच राहतो. हे गणित पहिल्या दिवसापासून वहीत ठेवलंत तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचेल.

आता मूळ मुद्दा. लेबल फक्त एवढंच सांगतं की अमुक अणू इथून निघाला आणि तिथे पोहोचला. मध्ये तो किती हातांतून गेला, हे ते सांगत नाही. बाजारात खूण केलेली नोट सोडली आणि संध्याकाळी ती चहावाल्याच्या गल्ल्यात सापडली, म्हणून तुम्ही ती चहावाल्यालाच दिली होती असं होत नाही. स्थिर आयसोटोपचे प्रयोग फसतात ते बहुतेक इथेच. यंत्र चुकीचं मोजत नाही, आपण गल्ल्यावरून गिऱ्हाईक ठरवतो. त्यामुळे ‘कोणती पद्धत’ यापेक्षा ‘किती वेळानंतर बघायचं, कोणत्या जागचा अणू लेबल करायचा आणि कंट्रोल (तुलनेसाठीची बाटली) कोणता ठेवायचा’ हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत.

वेळेपासून सुरुवात करतो. ग्लुकोजसारखी साखर मातीत फार काळ मोकळी राहत नाही. थोड्या प्रमाणात दिली तर ती काही तासांत पेशींच्या आत जाते. तुम्ही ४८ तासांनी सँपल काढलंत, तोवर पहिल्या खाणाऱ्यांनी ॲसिटेट बाहेर टाकलं असेल, काही पेशी फुटल्या असतील, प्रोटोझोआंनी आणि मिक्सोबॅक्टेरियांनी त्या गिळल्या असतील. या सगळ्यांत आता कार्बन-१३ आहे. शिवाय एक वाट अशी आहे जी विद्यार्थी हमखास विसरतात: लेबल केलेला कार्बन डायऑक्साइड परत पेशीत शिरतो. सेंद्रिय अन्नावर जगणारे जिवाणूसुद्धा पायरुवेटपासून (ग्लुकोज फुटून होणारं तीन कार्बनचं संयुग) चार कार्बनचं ऑक्झॅलोॲसिटेट करताना कार्बन डायऑक्साइड जोडून घेतात, आणि त्यांच्या कार्बनपैकी काही टक्के या मार्गाने येऊ शकतो.

ही गोष्ट शोधली गेली तीच स्थिर आयसोटोपमुळे. अमेरिकेत आयोवा स्टेट इथे हार्लंड वुड आणि चेस्टर वर्कमन यांनी १९३० च्या दशकात प्रोपिऑनिक ॲसिड तयार करणाऱ्या जिवाणूंच्या किण्वनाचा हिशेब मांडला. ग्लिसरॉल आंबवताना कार्बन डायऑक्साइड निघायच्या ऐवजी कमी होत होता. प्रकाशात वाढणारे किंवा अकार्बनी ऊर्जेवर जगणारे जिवाणूच कार्बन डायऑक्साइड पकडतात असं तेव्हा पक्कं मानलं जाई, त्यामुळे यावर कुणाचा चटकन विश्वास बसेना. १९४० मध्ये त्यांनी मिनेसोटाचे वस्तुमान-वर्णपटमापन करणारे आल्फ्रेड नीर यांच्यासोबत कार्बन-१३ वापरून दाखवलं की कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन खरोखरच उत्पादित आम्लांच्या कार्बोक्सिल गटात जाऊन बसतो. नुसता ‘आम्लात’ नव्हे, ‘कार्बोक्सिल गटात’. अणू कोणत्या जागी बसला हे कळलं, म्हणूनच पुढे मार्ग उलगडला. अणूच्या जागेचा हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

‘कोण’ हा प्रश्न आधी घेऊ, कारण तुमचा ओढा डीएनए-एसआयपीकडे दिसतो. मूळ कल्पना मेसेल्सन आणि स्टाल यांच्या १९५८ च्या प्रयोगाची: नायट्रोजन-१५ वर वाढवलेल्या ई. कोलायचा डीएनए सीझियम क्लोराईडच्या ग्रेडियंटमध्ये, म्हणजे खाली घनता वाढत जाणाऱ्या द्रावणात, फिरवला की जड आणि हलका वेगळे बसतात. २००० मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिकच्या कॉलिन मरेल यांच्या गटाने हेच तंत्र जंगलातल्या मातीवर लावलं, कार्बन-१३ असलेलं मिथेनॉल देऊन. मातीतला सगळा डीएनए काढायचा, अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये दीड-दोन दिवस फिरवायचा, नळीतून थेंबाथेंबाने दहा-बारा फ्रॅक्शन (हिस्से) काढायचे, प्रत्येकाची घनता रिफ्रॅक्टोमीटरवर बघायची, आणि जड फ्रॅक्शनमध्ये कुणाचे १६एस जनुक (जिवाणूची ओळख पटवणारे) सापडतात ते वाचायचं.

कागदावर सुंदर. आता आकडे घ्या. डीएनए पूर्णपणे कार्बन-१३ चा झाला तर त्याची घनता मिलिलिटरला ०.०३६ ग्रॅमने वाढते. पण डीएनएची घनता मुळातच त्यातल्या ग्वानिन-सायटोसिनच्या प्रमाणावर ठरते: १.६६० अधिक ०.०९८ गुणिले ते प्रमाण. क्लॉस्ट्रिडियमच्या एखाद्या जातीत हे प्रमाण ३० टक्के धरा, घनता १.६८९. स्ट्रेप्टोमायसिसमध्ये ७२ टक्के, घनता १.७३१. म्हणजे क्लॉस्ट्रिडियमने ग्लुकोज भरपेट खाऊन आपला सगळा डीएनए कार्बन-१३ चा केला तरी तो १.७२५ ला येऊन थांबतो. आणि ज्याने ग्लुकोजला तोंडही लावलं नाही असा स्ट्रेप्टोमायसिस त्याच्याही खाली, आणखी जड फ्रॅक्शनमध्ये बसलेला असतो! आपल्याकडच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिसच्या गटातले ॲक्टिनोबॅक्टेरिया भरपूर. त्यामुळे ‘जड फ्रॅक्शनमध्ये स्ट्रेप्टोमायसिस सापडला, म्हणून तो ग्लुकोज खातो’ हे विधान शून्य किमतीचं आहे.

यावर इलाज एकच, आणि तो ऐच्छिक नाही. तेवढंच साधं ग्लुकोज दिलेल्या बाटल्या तेवढाच वेळ ठेवायच्या, त्यांचा डीएनए त्याच रनमध्ये फिरवायचा, आणि प्रत्येक जातीची घनता लेबलच्या आणि बिनलेबलच्या बाटल्यांत आमनेसामने ताडून बघायची. मातीला नुसतं पाणी दिलेली बाटली कंट्रोल म्हणून चालत नाही, कारण ग्लुकोज दिल्यावर समुदायच बदलतो. हाच विचार पुढे नेऊन ब्रूस हंगेट यांच्या गटाने २०१५ मध्ये संख्यात्मक एसआयपी मांडलं: सगळे फ्रॅक्शन वाचायचे, प्रत्येक जातीची सरासरी घनता काढायची, दोन गटांतला फरक हेच त्या जातीने घेतलेलं लेबल. अनुक्रम वाचण्याचा खर्च वाढतो हे खरं, पण ‘जड’ आणि ‘हलकं’ अशी एक रेघ मारून अर्धी माहिती फेकून देण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक काम आहे. माझं स्पष्ट मत: आज नव्याने सुरुवात करत असाल तर जुन्या पद्धतीचं एसआयपी करू नका.

आणखी एक. डीएनए लेबल व्हायला पेशीने विभागलं पाहिजे. खाल्लं पण वाढला नाही, असा जिवाणू डीएनए-एसआयपीत दिसतच नाही. आरएनए लवकर लेबल होतो, त्याला विभाजनाची वाट बघावी लागत नाही. पण तो सांभाळणं जिकिरीचं, आणि ग्रेडियंट सीझियम ट्रायफ्लुओरोॲसिटेटचा लावावा लागतो. फॅटी ॲसिडांचं उलटं आहे. नाव सांगण्याच्या बाबतीत ती कच्ची, फार तर गट ओळखू येतो, पण संवेदनशीलतेत कुठल्या कुठे पुढे. डीएनए वेगळा काढायला लेबल साधारण २० टक्क्यांच्या वर जावं लागतं. फॅटी ॲसिडांत काही प्रति हजारचा बदलही दिसतो. त्यामुळे निसर्गात असतं तेवढंच अन्न देऊन प्रयोग करायचा असेल तर फॅटी ॲसिडंच बरी. डीएनएसाठी आपण ग्लुकोजचा मारा करतो आणि मग जे मेजवानीला धावून येतात त्यांनाच ‘सक्रिय’ म्हणतो.

आपल्याकडचं एक चांगलं उदाहरण लोणारचं. बुलढाणा जिल्ह्यातलं उल्कापाताने झालेलं विवर, तळ्याचं पाणी खारं आणि सामू १० च्या आसपास. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि वॉरिकचे मरेल यांच्या गटांनी मिळून इथल्या गाळावर एसआयपी केलं. काम २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. एकाच गाळाला तीन वेगवेगळी एक-कार्बनी अन्नं दिली: मिथेन, मिथेनॉल आणि मिथायलअमाइन. मिथेनच्या बाटल्यांत प्रामुख्याने मिथायलोमायक्रोबियम लेबल झाला, मिथेनॉलच्या बाटल्यांत मिथायलोफागा, आणि मिथायलअमाइनच्या बाटल्यांत बॅसिलस. तीन अन्नं, तीन वेगळे खाणारे. पण मला त्या कामात जास्त भावतात त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. मिथायलअमाइन फोडणाऱ्या एका नेहमीच्या एन्झाइमचं जनुक त्यांनी जड डीएनएत शोधलं, ते मिळालं नाही, म्हणून इथे तो मार्ग वापरला जात नसावा असं त्यांनी जपून म्हटलं. आणि जड डीएनएत असे बरेच अनुक्रम होते जे मिथेन किंवा इतर एक-कार्बनी अन्न खाणाऱ्या कुठल्याच ज्ञात जिवाणूशी जुळत नव्हते. ते एक-कार्बनी अन्न खाणारे नवे जीव असतील, किंवा पहिल्याच्या उष्ट्यावर जगणारे असतील, दोन्ही शक्यता त्यांनी उघड्या ठेवल्या. तुमच्या मातीतही असे पाहुणे निघतील. त्यांना नवा शोध म्हणून मिरवायच्या आधी वेगवेगळ्या वेळांची सँपल्स बघा. जो पहिल्या काही तासांत लेबल झाला तो पहिल्या पंगतीतला. जो बारा तासांना साधा होता आणि तीन दिवसांनी जड झाला, तो बहुधा नंतरचा.

लोणारसारख्या पाण्यात आणखी एक फसवणूक आहे. सामू १० ला हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ येतच नाही. सगळा कार्बोनेट-बायकार्बोनेट होऊन पाण्यात बसतो. हवेचं सँपल घेऊन ‘श्वसन होत नाही’ असा निष्कर्ष काढणं अगदी सोपं. वर काळ्या मातीबद्दल जे ॲसिडचं सांगितलं, ते तिथे दहापट लागू.

आता ‘कोणत्या वाटेने’. इथे तुमचं सहाही कार्बन लेबल केलेलं ग्लुकोज कामाचं नाही. सगळेच अणू रंगवले तर कोणता कुठे गेला हे कसं कळणार? फक्त पहिला कार्बन लेबल केलेलं ग्लुकोज घ्या, ते स्वस्तही पडतं.

एक शुद्ध जिवाणू या ग्लुकोजवर वाढवा आणि त्याच्या प्रथिनांतलं ॲलनिन बघा. ॲलनिन पायरुवेटपासून एका पायरीत होतं, म्हणून ते पायरुवेटची हुबेहूब छापील प्रत. एम्डेन-मायरहॉफ मार्गाने, म्हणजे नेहमीच्या ग्लायकोलिसिसने, ग्लुकोज फुटलं तर पहिला कार्बन पायरुवेटच्या तिसऱ्या जागी, मिथाइल गटात येतो. एन्टनर-डूडोरॉफ मार्गाने फुटलं तर तोच पहिला कार्बन पायरुवेटच्या पहिल्या जागी, कार्बोक्सिल गटात येतो. पेन्टोज फॉस्फेट मार्गाने गेलं तर तो पहिल्याच फेरीत कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि ॲलनिनमध्ये दिसतच नाही. पहिल्या दोन्ही मार्गांत पायरुवेटचे अर्धे रेणू लेबल होतात, म्हणून नुसतं ‘ॲलनिनमध्ये लेबल किती’ हे मोजून काहीही कळत नाही. जागा कळली पाहिजे.

जीसी-एमएस ती जागा दाखवतं. ॲलनिनवर टर्ट-ब्युटाइल-डायमिथाइलसिलिल गट चढवला की त्याचे दोन तुकडे उपयोगी पडतात. वस्तुमान २६० च्या तुकड्यात ॲलनिनचे तिन्ही कार्बन असतात. २३२ च्या तुकड्यात कार्बोक्सिल गळालेला असतो, फक्त दुसरा आणि तिसरा उरतो. आता वाचायचं कसं? २६१ वाढलं आणि २३३ ही वाढलं, तर लेबल मिथाइल गटात आहे, म्हणजे ग्लायकोलिसिस. २६१ वाढलं पण २३३ जागचं हललं नाही, तर लेबल कार्बोक्सिलमध्ये होतं आणि ते गळून गेलं, म्हणजे एन्टनर-डूडोरॉफ. ई. कोलाय पहिल्या प्रकारचं चित्र देतो, स्यूडोमोनास प्युटिडा दुसऱ्या. प्युटिडाकडे ग्लायकोलिसिसला लागणारं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइमच नाही, त्याला दुसरा पर्याय नाही. दोघांना शेजारी शेजारी चालवून बघा. प्रयोगशाळेत कुणी नवं आलं की मी हेच आधी करायला सांगतो, कारण एका दुपारच्या क्रोमॅटोग्रामवर दोन चयापचय मार्ग डोळ्यांनी वेगळे दिसतात.

मात्र कच्च्या पीकच्या उंचीवर जाऊ नका. काहीही लेबल न देता वाढवलेल्या पेशींतसुद्धा २६१ चं पीक २६० च्या सुमारे २३ टक्के उंचीचं असतं. त्यातला निम्मा वाटा नैसर्गिक कार्बन-१३ चा, आणि जवळजवळ तेवढाच सिलिकॉनचा. सिलिल गटातल्या प्रत्येक सिलिकॉनबरोबर सिलिकॉन-२९ चे साधारण ४.७ टक्के आणि सिलिकॉन-३० चे ३.१ टक्के चिकटून येतात. ही दुरुस्ती करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण एकदा तरी हाताने, एक्सेलमध्ये, बिनलेबलच्या सँपलवर ती करून शून्य येतं का ते तपासा. शून्याच्या जवळ येत नसेल तर पीक संपृक्त झालंय, किंवा शेजारच्या संयुगाचं पीक त्यात मिसळलंय.

प्युटिडाच्या बाबतीत एक खुलासा. तो ट्रायोज फॉस्फेट (तीन कार्बनचे तुकडे) उलट फिरवून परत हेक्सोज (सहा कार्बनची साखर) करतो, म्हणून लेबल थोडं इतर जागांवरही पसरतं आणि चित्र पुस्तकाइतकं स्वच्छ येत नाही. त्यासाठी एकापेक्षा जास्त अमिनो ॲसिडं आणि पूर्ण फ्लक्स मॉडेल, म्हणजे कोणत्या मार्गाने किती कार्बन वाहतो याचं गणित, लागतं. पण मार्गाचा प्रकार ओळखायला ॲलनिन पुरेसं आहे.

आता मुख्य अडचण: ही करामत शुद्ध कल्चरची. मातीतून प्रथिनं काढून ॲलनिन मोजलंत तर हजारो जातींची सरासरी मिळेल. निम्मे ग्लायकोलिसिस आणि निम्मे एन्टनर-डूडोरॉफ वापरणारे असतील, तर चित्र असं येईल की जणू प्रत्येकजण दोन्ही मार्ग अर्धे अर्धे वापरतोय. असा जीव कदाचित त्या मातीत एकही नसेल. त्यामुळे मातीवर ‘कोणता मार्ग’ हा प्रश्न समुदायापुरता विचारायचा आणि उत्तरही समुदायापुरतंच द्यायचं.

त्यासाठी मला आवडणारी युक्ती अशी: एका बाटलीत पहिला कार्बन लेबल केलेलं ग्लुकोज, दुसरीत तिसरा कार्बन लेबल केलेलं, आणि पहिल्या काही तासांतच दोघांतून कार्बन डायऑक्साइड किती वेगाने निघतो ते मोजायचं. ग्लायकोलिसिसमध्ये तिसरा आणि चौथा कार्बन पायरुवेटचा कार्बोक्सिल होतात, म्हणून ते आधी बाहेर पडतात. एन्टनर-डूडोरॉफमध्ये पहिला आणि चौथा. पेन्टोज फॉस्फेटमध्ये पहिला. म्हणजे पहिला तिसऱ्यापेक्षा जोरात निघत असेल, तर ग्लायकोलिसिसखेरीज दुसरं काहीतरी मोठ्या प्रमाणावर चालू आहे. पुढे जायचं असेल तर पायरुवेटच्या बाबतीतही हेच करता येतं: पहिला कार्बन लेबल केलेलं विरुद्ध दुसरा-तिसरा लेबल केलेलं. पहिला कार्बन ॲसिटिल-कोए होतानाच निघतो, दुसरा-तिसरा एकतर क्रेब्स चक्रात जळतो किंवा पेशीच्या बांधणीत जातो. या गुणोत्तरावरून सूक्ष्मजीव खाल्लेल्यापैकी किती जाळतात आणि किती अंगी लावतात याचा चांगला अंदाज बांधता येतो.

अणूच्या प्रवासावरून ‘कुणी’ हे ठरवताना किती गफलत होऊ शकते, त्याचं मोठं उदाहरण अरबी समुद्रातलं आहे. तिथे काही शे मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ संपलेला जाड थर आहे आणि तिथून नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. हे विनायट्रीकरणाने (नायट्रेट-नायट्राइटपासूनच वायू होणं) होतं की अमोनियम आणि नायट्राइट जोडणाऱ्या ॲनामॉक्स जिवाणूंमुळे, यावर मोठा वाद होता. नायट्रोजन-१५ ची तर्कपद्धती देखणी आहे: ॲनामॉक्समध्ये एक अणू अमोनियमचा आणि एक नायट्राइटचा, म्हणून एकच लेबल केलं तर २९ वस्तुमानाचा वायू मिळतो, विनायट्रीकरणात दोन्ही अणू नायट्राइटमधून, म्हणून ३० चाही मिळतो. बेस वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी, त्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते, २००९ मध्ये दाखवलं की आठपैकी सात प्रयोगांत ८७ ते ९९ टक्के वायू विनायट्रीकरणाचा. पण २०११ मध्ये ओमानच्या किनाऱ्यालगत दुसऱ्या गटाला वेगळंच दिसलं: तिथे नायट्राइटचं आधी अमोनियम होत होतं आणि मग तेच अमोनियम ॲनामॉक्स वापरत होतं. या जोडीतून दोन्ही अणू लेबल झालेला ३० वस्तुमानाचा वायू निघतो, आणि तो विनायट्रीकरणासारखाच दिसतो. समुद्राचे भाग वेगळे होते, दोन्ही निष्कर्ष आपापल्या ठिकाणी खरे असू शकतात. पण ३० दिसला म्हणजे विनायट्रीकरण, हा सोपा नियम तेव्हापासून कुणी डोळे झाकून वापरत नाही.

लेबल न घालताही काम होतं, ते थोडक्यात सांगतो. समुद्रतळाशी मिथेन खाणारे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, ‘ईल रिव्हर बेसिन’ या समुद्राखालच्या भागातल्या गाळात असेच पकडले गेले. पेशींवर चमकणारी प्रोब लावून त्या ओळखल्या, आयन-किरणाने त्याच पेशीचं डेल्टा मूल्य मोजलं, ते उणे ९६ पर्यंत खाली निघालं. एवढा हलका कार्बन मिथेनखेरीज दुसरीकडून येणं अवघड. तुमच्यासाठीही एक फुकटची सोय आहे. वनस्पती कार्बन डायऑक्साइड दोन मुख्य पद्धतींनी पकडतात, सी-३ आणि सी-४, आणि दोघींचं डेल्टा मूल्य वेगळं येतं. ऊस सी-४ वनस्पती आहे, त्याची साखर उणे ११-१२ च्या आसपास असते. कापूस, तूर ही सी-३, उणे २७ च्या आसपास. वर्षानुवर्षं कापूस-तूर घेतलेल्या शेताची माती मिळाली, तर दुकानातली साधी साखर हाच तुमचा ट्रेसर. ज्वारीही सी-४ आहे, तेव्हा पिकांचा इतिहास शेतकऱ्याला नीट विचारून घ्या. साखर दिल्यावर मातीतला जुना कार्बन जास्त जळायला लागतो का, एवढं यावरून मिळतं आणि एक पैसाही आयसोटोपवर जात नाही. तुमच्या उसाच्या मातीवर मात्र हे चालणार नाही.

तर तुमच्या जागी मी काय करेन? आधी साखरेची मात्रा खाली आणेन आणि साध्या ग्लुकोजवर, एन्झाइमच्या किटने, ती किती तासांत संपते ते बघेन. संपण्याच्या आधीची, संपतानाची आणि बरीच नंतरची अशी तीन वेळची सँपल्स ठरवेन. प्रत्येक वेळेला लेबलच्या, साध्या ग्लुकोजच्या आणि मारलेल्या मातीच्या बाटल्या, प्रत्येकी किमान तीन. माती मारायला नुसतं एकदा ऑटोक्लेव्ह पुरत नाही, बीजाणू उरतात, आणि ऑटोक्लेव्हने बराच सेंद्रिय कार्बन मोकळा होतो हेही लक्षात ठेवा. कार्बन डायऑक्साइड सगळ्या बाटल्यांत मोजेन, ॲसिड घालून. फॅटी ॲसिडं पहिल्या दोन वेळांना. संख्यात्मक एसआयपी फक्त फॅटी ॲसिडांत लेबल नक्की दिसलं तरच, कारण अल्ट्रासेंट्रिफ्यूजचे दिवस आणि अनुक्रमांचा खर्च फुकट घालवण्यात अर्थ नाही. मार्गाचा प्रश्न वेगळ्या, छोट्या प्रयोगात, जागा-लेबल केलेल्या ग्लुकोजने. शिवाय त्याच मातीतून वेगळे काढलेले दोन-तीन जिवाणू ॲलनिनच्या चाचणीला लावेन. समुदायाची सरासरी वाचताना त्यांचा आधार होतो.

डेल्टा मोजणारा आयसोटोप रेशो मास स्पेक्ट्रोमीटर तुमच्याकडे नसेल तर बाहेर पाठवावं लागेल, आणि इथे एक शिष्टाचार पाळावाच लागतो. ज्या प्रयोगशाळा नैसर्गिक प्रमाणावर काम करतात, जुन्या हवामानावर, भूजलावर, समुद्री गाळावर, त्या लेबल केलेली सँपल्स सहसा घेत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तुमची एक कार्बन-१३ ने लदलेली व्हायल त्यांच्या यंत्राच्या नळ्यांत आठवडाभर रेंगाळू शकते. म्हणून आधी फोन करा, ‘लेबल केलेलं आहे’ हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा आणि डेल्टा कुठवर जाईल याचा अंदाज द्या. स्वतःच्या प्रयोगशाळेतही लेबलसाठी वेगळा चमचा, वेगळा तराजू, वेगळा कप्पा ठेवा. बिनलेबलची माती त्याच दिवशी, पण आधी तोला. आणि यंत्रावर व्हायल लावताना कंट्रोल सगळ्यात आधी, मग कमी लेबलचे, मग जास्त लेबलचे, आणि प्रत्येक गटानंतर किमान दोन रिकाम्या व्हायल.